अकरा गाड्या, बावीस मास्क

उरण तालुक्यात तोंडाला मास्क लावून आणि हातात बंदुकीसारखं काहीतरी घेऊन वीस-बावीस माणसं एखाद्या मोकळ्या प्लॉटवर उतरली, तर पुढच्या पंधरा मिनिटांत काय होईल, हे इथल्या कुणालाही विचारा. २२ सप्टेंबर २०१६ ला काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसं दिसल्याचं इथल्या शाळकरी मुलांनी सांगितलं होतं. उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते. शेजारी नौदलाचा तळ, ओएनजीसीचा प्रकल्प, एका अंगाला बंदर आणि खाडीपल्याड मुंबई. नौदल, तटरक्षक दल, एटीएस, पोलीस असे सगळे कामाला लागले. दुसऱ्या दिवशी उरणच्या शाळा-कॉलेजं बंद राहिली. शोधात हाती काही लागलं नाही, पण ते दोन दिवस इथलं कुणी विसरलेलं नाही.

त्यामुळे आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये पेंटबॉलचा विषय निघाला, तेव्हा माझी पहिली अट हीच होती: न्हावा शेवा-उरण पट्ट्यात कुठेही नाही. कुणाच्या वाडीत नाही, सिडकोच्या रिकाम्या भूखंडावर नाही, खाडीकाठी तर नाहीच नाही. जिप्सीवाल्या दादाने पाणजेच्या पाणथळीकडची जागा सुचवली होती, "कोणी येत नाय तिकडं" म्हणून. माणसं येत नसतील, पक्षी येतात. त्या पाणथळीवर थंडीत दूरदूरचे पाहुणे उतरतात आणि भोवतालच्या खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. जिथे आपण एरवी दुर्बीण घेऊन जायचं, तिथे रंगाच्या गोळ्या उडवायच्या, हे मला पटण्यासारखं नव्हतं. दादाला पटायला मात्र २०१६ ची आठवण काढावी लागली. त्याचा पुतण्या तेव्हा शाळेत होता.

मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. दिवसभर बिल ऑफ एंट्री, डिलिव्हरी ऑर्डर, अमुक कंटेनर कुठल्या सीएफएसला, म्हणजे कंटेनरच्या गोदामाला, पडलाय आणि एक्झामिनेशन कधी लागतंय, एवढंच. कागद पुरा असल्याशिवाय माल हलत नाही, ही सवय अंगात भिनली आहे, म्हणून ग्रुपच्या सहलींची जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. ग्रुप म्हणजे उरण, उलवे, पनवेल, पेण इथले जुन्या मारुतीवाले. अटल सेतू झाल्यापासून परळ-शिवडीचेही दोन-तीन जण आले. ८००, झेन, एस्टीम आणि एक जिप्सी. आमच्यातली सगळ्यात जुनी ८०० आहे १९८९ ची, म्हणजे बंदराच्याच वयाची. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. आम्ही एकमेकांना बहुधा गाडीवरूनच ओळखतो. झेनवाले काका, एस्टीमवाल्या वहिनी, जिप्सीवाला दादा. कुणाचं आडनाव विचारलं तर क्षणभर विचार करावा लागतो.

मोटारवाल्यांनी एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ ची आहे. पण कुठल्याही कार क्लबच्या सहलीचं दुखणं एकच असतं. पहाटे निघायचं, गाड्या ओळीत लावून फोटो काढायचे, मिसळ खायची, कार्ब्युरेटर कोण चांगला साफ करतो यावर तासभर बोलायचं आणि परत. ज्याला कार्ब्युरेटरमध्ये रस नाही अशी बायको, असा नवरा किंवा असं कॉलेजातलं पोर दुसऱ्या खेपेला घरीच थांबतं. आमच्याकडेही तेच होत चाललं होतं. पेंटबॉल काढला तो त्यांच्यासाठी. या खेळात गाडीचं ज्ञान शून्य असलेलं माणूस पहिल्याच डावात सगळ्यांना भारी पडू शकतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन संघ, मैदानात आडोशाला टायरचे ढीग, पिंपं, फळ्या. प्रत्येकाच्या हातात वायूच्या दाबावर चालणारा मार्कर. त्यातून सुटणारी गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला पाण्यात विरघळणारा रंग. औषधाची मऊ कॅप्सूल ज्या तंत्राने बनते, त्याच तंत्राने हीही बनते. व्यास सुमारे १७ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. अंगावर फुटली की तुम्ही बाद. आपटून न फुटता उडाली, तर बाद नाही.

मार्कर हे नाव कुणी शोभेला दिलेलं नाही. अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर आणि कुरणातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करायला हे यंत्र निघालं. तेच हातात घेऊन २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाच्या जंगलात बारा जण एकमेकांविरुद्ध उतरले. शहरातला चलाख माणूस जंगलात टिकेल की जंगल जाणणारा, हा वाद दोन मित्रांमध्ये चालला होता आणि तो मिटवायचा होता. जिंकला रिची व्हाईट नावाचा, जंगलात काम करणारा माणूस. त्याने चारही ठिकाणचे झेंडे गोळा केले आणि अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही. तेव्हाच्या गोळ्यांत तेलाचा रंग असे, कपड्यांवरून काढायला टर्पेंटाइन लागायचं. पुढे पाण्यात धुतला जाणारा रंग आला आणि खेळ जंगलातून मैदानात, मैदानातून रिसॉर्टमध्ये शिरला. आपल्याकडे लोणावळ्याजवळ कुणे गावच्या डेला अ‍ॅडव्हेंचरमध्ये तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कर्जत-नेरळच्या फार्महाउसांच्या गर्दीतही आता छोटी मैदानं सापडतात.

गाडीवाल्यांना समजेल असा एक आकडा सांगते. हौशी खेळात गोळीचा वेग सेकंदाला २८० फुटांच्या आसपास ठेवतात आणि ३०० च्या वर कधीच जाऊ देत नाहीत. २८० फूट म्हणजे ताशी सुमारे ३०० किलोमीटर. आमच्यातल्या एकाचीही मारुती त्याच्या निम्म्यावर गेलेली नाही, काका काहीही सांगोत. जीनच्या पँटवर ही गोळी बसली तर चिमटा बसल्यासारखं होतं आणि दोन दिवस जांभळा डाग राहतो. उघड्या डोळ्यावर बसली, तर डोळा जाऊ शकतो. पेंटबॉलच्या आयोजनातल्या बाकी सगळ्या गोष्टी या एका वाक्याच्या मागे येतात.

म्हणून जागा बघायला मी आणि एस्टीमवाल्या वहिनी आधी जाऊन आलो. फोनवर सगळेच "एकदम सेफ आहे मॅडम" म्हणतात. पहिल्या जागेवर मी क्रोनोग्राफ कुठे आहे विचारलं. क्रोनोग्राफ म्हणजे नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारं छोटं यंत्र. तिथला पोरगा म्हणाला, "कमीच करून ठेवलंय," आणि खात्री पटावी म्हणून त्याने स्वतःच्या बुटावर एक गोळी मारून दाखवली. बुटाच्या आतला पाय त्याचा होता, आम्ही काय बोलणार. मास्कच्या काचांवर इतके चरे होते की पलीकडचं झाड धुरकट दिसत होतं. आम्ही चहा पिऊन निघालो. कर्जतच्या बाजूला दुसरी जागा मिळाली, तिथल्या मार्शलने न सांगता एकेक मार्कर क्रोनोग्राफसमोर धरून दाखवला. बहुतेक टिपमन ९८. दणकट, जुनं मॉडेल, भाड्याने देणारे ते पसंत करतात. खेळणाऱ्यांची आणि बघणाऱ्यांची जागा यांच्यामध्ये उंच जाळी होती. सिलिंडर सावलीत उभे होते. तेही मी मुद्दाम पाहिलं, कारण कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उन्हात तापला की दाब झपाट्याने चढतो. दादाला स्वतःचा मार्कर ऑनलाइन मागवून सिलिंडरसकट जिप्सीतून न्यायचा होता. बंद गाडीत, कोकणच्या उन्हात सिलिंडर! आणि गाडी रोज जाणार कुठून, तर बंदराच्या गेटवरून, जिथे सीआयएसएफचा पहारा असतो. मैदानाचं सामान मैदानात राहील, असं ठरलं आणि ते त्याने ऐकलं.

तारीख ठरवणं हे महाराष्ट्रात वेगळंच शास्त्र आहे. पावसाळा पहिल्यांदा बाद झाला. जिलेटिन हवेतली ओल पितं. जुलैच्या कोकणी हवेत गोळी फुगते, वेडीवाकडी होते, नळीतच फुटते. शिवाय चौक-कर्जतच्या डोंगरांखाली भर पावसात माणसं गोळा करायची हौस आमच्यात कुणाला उरलेली नाही. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ ची रात्र याच भागातली. एप्रिल-मेमध्ये मास्क घालून दहा मिनिटं पळणं म्हणजे शिक्षा. राहिली थंडी. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार नकोत, संकष्टी नको (जेवणाला कोंबडी होती), दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा नकोत, आणि क्लिअरिंगवाल्यांसाठी महिनाअखेर नको. उरला जानेवारीतला एक रविवार. तो मिळाल्याचा आनंद मला मैदान मिळाल्यापेक्षा जास्त झाला.

जिलेटिनवरून आठवलं. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, बहुतेक गाय-बैल किंवा डुक्कर. आमच्यात एक जैन कुटुंब आहे, दोघं-तिघं माळकरी आहेत, एक मुस्लिम मित्र आहे. गोळी तोंडात जात नाही हे खरं, पण मास्कच्या जाळीतून कधी थेंब ओठावर येतो. हे आधी सांगायला हवं, नंतर कळलं तर माणूस दुखावतो. मी सगळ्यांना सरळ लिहून कळवलं. माळकऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "मी मोजणीला बसतो." जैन वहिनींनी दोन दिवस घेतले आणि येते पण खेळणार नाही म्हणाल्या, मुलगा खेळला. मुस्लिम मित्राने मैदानवाल्याला फोन करून खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं आणि मग हो म्हटलं. कुणी कुणाला समजावायला गेलं नाही, ते बरं झालं.

नावं घेतानाच आणखी तीन प्रश्न विचारले: वय, चष्मा आणि औषधं. चौदा वर्षांखालची मुलं घेतली नाहीत. चष्मेवाल्यांसाठी मोठ्या पोकळीचे मास्क मागून ठेवले, कारण साध्या मास्कमध्ये चष्मा तिरका बसतो आणि घामाने दोन्ही काचा धुरकटतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खेळू नये. साधा डागही अशा माणसाच्या अंगावर पसरतो. झेनवाल्या काकांना त्यामुळे शिट्टी मिळाली आणि ती त्यांनी दिवसभर कारण नसताना वाजवली. गरोदर बायका, हृदयाचा त्रास असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले, हे सगळे बाहेर. नकार द्यायला लाजणारी माणसं फॉर्ममध्ये खरं लिहितात, हा माझा कस्टम्समधला अनुभव इथेही खरा ठरला. मैदानावर पुन्हा संमतीपत्रावर सही घेतात. ती सही म्हणजे विमा नव्हे, हे लक्षात असू द्या.

विम्याचं आणखी एक. खाजगी गाडीच्या पॉलिसीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल अशा कारणांसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही. कार क्लबमध्ये कुणीतरी हमखास "पळस्पे ते चौक कोण आधी" अशी गंमत काढतो. आमच्यात ती काढायची नाही, असं कागदावर आहे. जुन्या गाड्यांचे पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे कागद, पर्यावरण कर, पीयूसी, नव्या सुरक्षा नंबरप्लेट हेही मी प्रत्येकाकडून फोटो काढून मागवते. त्यावरून मला ग्रुपमध्ये "आरटीओ ताई" म्हणतात. म्हणोत.

न्हावा शेव्याच्या रस्त्याबद्दल बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. जेएनपीएमधून २०२४-२५ या वर्षात ७० लाखांहून जास्त टीईयू कंटेनर हलले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. त्यातले बहुतेक ट्रेलरवरून येतात-जातात. करळ फाटा, दास्तान फाटा, जासई, गव्हाण फाटा या टापूत गाडी चालवणाऱ्याला ट्रेलरची नस माहीत हवी. चाळीस फुटी ट्रेलर डावीकडे वळणार असेल, तर तो आधी उजवीकडे जातो. ती मोकळी झालेली डावी जागा तुमच्यासाठी नसते. त्याच्या डाव्या अंगाला आणि नाकासमोर चिकटून असलेली ८०० ड्रायव्हरला दिसतच नाही. अशा रस्त्यावर अकरा छोट्या गाड्यांची रांग लावणं म्हणजे दहा ट्रेलरवाल्यांचे शाप घेणं. म्हणून रांग बंदराच्या रस्त्यावर लावायची नाही, हा आमचा नियम. ज्याने-त्याने आपापलं यायचं आणि पळस्प्याच्या पुढे जुन्या पुणे रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर भेटायचं.

मुंबईकर आले अटल सेतूवरून. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल एकूण २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यातला साडेसोळा समुद्रावर. शिवडीला चढायचं आणि चिर्ल्याला उतरायचं. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला, येण्याजाण्याचा एकदम काढला तर ३७५. कारला वेगमर्यादा ताशी १००. पुलावर थांबायला बंदी आहे आणि थांबणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात. जुनी गाडी आणि मागे समुद्र, हा फोटो प्रत्येकाला हवा असतो. तो चालत्या गाडीतून शेजारी बसणाऱ्याने काढावा. सकाळी पुलावरून पाहुण्या रोहित पक्ष्यांचा थवा दिसला, असं परळकर सांगत आले. थांबले नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पंपावरून पुढे दादाची जिप्सी सगळ्यात पुढे, माझी गाडी सगळ्यात मागे. पुढच्याला वाट माहीत हवी, मागच्याकडे दोरी, जॅक, पाणी आणि धीर हवा. मधल्यांनी फक्त एक पाळायचं: फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून फिरायचं नाही, मग भले लग्नाच्या वरातीसारखं मस्त दिसत असो. मागच्याला तुम्ही वळताय की थांबताय ते कळत नाही. शेडुंग गेलं, चौकला डावीकडे कर्जतचा रस्ता घेतला. एक एस्टीम गरम झाली, पंधरा मिनिटं थांबलो, बाटलीभर पाणी ओतलं. जुन्या गाड्यांच्या सहलीत एवढं होणारच, वेळापत्रकात ते धरलेलं असतं.

गाड्या मैदानापासून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला लावल्या. स्वतःच्या दारावर कुणाचं नख लागलं तर आठवडाभर बोलणारी ही माणसं स्वतःच्या पाठीवर रंग झेलायला रांगेत उभी होती.

मार्शल पंचविशीतला, आदिवासी वाडीवरचा पोरगा. त्याने सगळ्यांना अर्धवर्तुळात बसवलं आणि पहिली दहा मिनिटं फक्त मास्कवर बोलला. काच धुरकटली तर काय करायचं? हात वर करायचा, ओरडायचं, मार्शल येईपर्यंत खाली बसायचं, मग त्याचा हात धरून जाळीबाहेर जायचं आणि तिथे मास्क काढायचा. मैदानात, एका सेकंदासाठी, घाम पुसायला, फोटोला, काहीही झालं तरी काढायचा नाही. मग त्याने एकेकाचा पट्टा स्वतःच्या बोटांनी ओढून पाहिला. काकांचा पट्टा सैल होता; ते खेळणार नव्हते, शिट्टी वाजवणार होते, तरी त्याने तो घट्ट केला आणि जाळीच्या आत शिट्टी मास्क घालूनच वाजेल असं बजावलं. काकांनी शिट्टी मास्कखाली कशी घालायची यावर बराच वेळ प्रयोग केले. मार्करच्या नळीच्या तोंडावर कापडी खोळ चढवलेली होती, ती मार्शलने सांगितल्यावरच काढायची आणि डाव संपल्या संपल्या चढवायची. दहा फुटांच्या आत समोरचा सापडला, तर गोळी न मारता "आउट" म्हणायचं आणि त्याने मान्य करायचं. एवढ्या जवळून मारलेली गोळी खेळ राहत नाही.

कपड्यांचं आधी कळवलं होतं: पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, जाड पँट, बूट, गळ्याला पंचा. बायकांनी आणि मुलींनी छातीला जाड पट्टी घ्यावी, मैदानवाला देतो, मागितली तर देतो. मी मागितल्यावर आतून तीन आणल्या आणि आणखी दोन शोधायला पोरगा पळाला.

संघ पाडताना मोठा प्रश्न सुटला. नवरा-बायको एका संघात की वेगळे, भाऊ कुठे, यावर भांडण होऊ नये म्हणून गाडीवरून पाडले: कार्ब्युरेटरवाले एकीकडे, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाले दुसरीकडे. गाडीबरोबर घरची माणसं आपोआप त्या संघात गेली. पहिला डाव झेंडा पळवायचा होता. झेंड्याकडे कुणी गेलंच नाही, कारण दोन्ही संघ जिप्सीवाल्या दादालाच मारत होते, त्याचा स्वतःचा संघसुद्धा. दुसऱ्या डावापर्यंत राग निवला आणि खेळ सुरू झाला. एस्टीमवाल्या वहिनी, गणिताच्या शिक्षिका, टायरमागे आडव्या पडून गोळ्या मोजत होत्या. समोरच्याची गोळ्यांची पुंगळी कधी रिकामी होते याचा हिशेब ठेवून उठल्या, सरळ चालत गेल्या आणि झेंडा घेऊन आल्या. नवख्याकडे शंभर गोळ्या असल्या तरी त्या दहा-पंधरा मिनिटांत संपतात. खर्च वाढतो तो तिथेच. मैदानवाले माणशी ठराविक गोळ्या धरून भाव सांगतात, पुढच्या प्रत्येक शंभराचे वेगळे पैसे. आम्ही जास्तीच्या गोळ्यांची मर्यादा आधी ठरवली आणि पैसे आधी गोळा केले. ज्यांचे खिसे जड आहेत ते जिंकतात, अशी सहल दुसऱ्यांदा होत नाही.

जेवणाला पोपटी. जानेवारीत रायगडात दुसरं काही असू नये. आमच्यातल्या जासईच्या एका दादांनी मडकी घरून आणली होती, वालाच्या शेंगा पेणहून, भांबुर्डीचा पाला वाटेत बांधावरून. मडक्याच्या तळाला पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा गच्च बोळा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि पाचोळा पेटवला. शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं, त्यावर खडूने फुली. जाळाची जागा मैदानवाल्याला विचारून, गाड्यांपासून आणि सिलिंडरपासून लांब निवडली होती. अर्ध्या-पाऊण तासाने दादांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणाले, "झाली." दुपारभर एकमेकांवर रंग उडवलेले लोक एका केळीच्या पानावरून शेंगा सोलत होते. दारू नव्हती. ज्याला परत गाडी चालवायची आहे आणि ज्याच्या हातात मार्कर येणार आहे, त्या दोघांनाही ती चालत नाही, आणि आमच्यात बहुतेक जण या दोन्हींपैकी एकात तरी होते.

परतीच्या आधी पिशव्यांतून जुन्या चादरी निघाल्या, सीटवर पसरल्या. रंग पाण्याने जातो, पण ओला असतानाच. गाडीच्या पत्र्यावर उडाला असेल तर तोही तिथेच धुवावा. काकांनी तरीही रद्दीचे पेपर घातले, वर चादर, त्यावर प्लास्टिक. पाचला निघालो, अंधाराआधी पळस्पे गाठलं. रविवारी संध्याकाळी पुण्याकडून येणारी गर्दी आणि बंदराकडे निघालेले ट्रेलर एकत्र होतात, त्याआधी तिथून निसटणं हेही नियोजनातच होतं.

तुमचा कार क्लब असो, सोसायटी असो की ऑफिसचा ग्रुप, पेंटबॉलला जाणार असाल तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी मैदानवाल्याला एकच विचारा: आज सकाळी वेग मोजला का, आणि आमच्यासमोर पुन्हा मोजून दाखवाल का? क्रोनोग्राफ बाहेर आला, तर पैसे भरा. बुटावर गोळी मारून दाखवली, तर गाड्या वळवा.